आकड्यावरचं काळीज

बारावीच्या वर्गात भाषांतराचा तास चालू होता. उतारा सोपा होता. पुरात अडकलेली एक मुलगी दोन धाकट्या भावंडांना पाठीवर घेऊन वाचवते, आणि शेवटचं वाक्य येतं, ‘शी शोड ग्रेट प्लक’. मागच्या बाकावरच्या एका मुलाने त्याचं मराठी केलं होतं, ‘तिने पुष्कळ फुले तोडून दाखवली.’ वर्ग हसला. तो खाली मान घालून बसला. प्लक म्हणजे फूल तोडणं हे तो पाचवीपासून शिकत आला होता, त्याने इमानाने तेच लिहिलं. मी फळ्यावर लिहिलं : प्लक म्हणजे धैर्य, हिंमत, जिगर. मुलांनी उतरवून घेतलं, घंटा झाली.

रात्री वह्या तपासायला घेतल्या, तेव्हा त्या वाक्यावर लाल रेघ मारायला माझं मन होईना. आजच्या अर्थाने ते वाक्य चूकच होतं, पण शब्दाच्या कुळाच्या हिशेबाने बरोबर होतं. प्लकचा जुना अर्थ तोडणं, उपटणं, हिसका देऊन ओढून काढणं हाच. त्या तोडण्यातून धैर्य कसं निघालं, याचं उत्तर कोशात आहे. पण कोश हातात येण्याच्या कितीतरी आधी ते मी रोज पहाटे डोळ्यांनी बघत होते. मी खाटकाची मुलगी.

आप्पांचं दुकान तालुक्याच्या बाजारपेठेत होतं. पत्र्याची खोली, पुढे चिंचेच्या बुंध्याचा ओंडका, बाजूला तागडी, आणि वर भिंतीपासून भिंतीपर्यंत आडवा लोखंडी दांडा. दांड्याला आकडे. बकरी लोणंदच्या बाजारातून यायची. पहाटे चारला मुलाणीचाचा यायचे. गावची जुनी रीत अशी की सुरी फिरवायचं काम मुलाण्याचं, आणि सोलायचं, तोडायचं, विकायचं काम आमचं. दोन्ही घरांचं हे देणंघेणं किती पिढ्यांचं, ते कोणाच्या लक्षात नाही.

बकरं मागच्या पायांनी आकड्याला टांगून, सोलून झालं की आप्पा पोट उभं चिरायचे. आतडी आणि वजडी आपल्याच वजनाने खालच्या घमेल्यात उतरायची. त्याच्या पुढचं काम बघायला मी कंदील धरून उभी राहायची. आप्पा उजवा हात कोपरापर्यंत आत घालायचे. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पातळ, ओला पडदा असतो, तो सुरीच्या टोकाने कडेकडेने सोडवायचे. मग हात आणखी खाली, गळ्याच्या दिशेने न्यायचे, श्वासाची नळी मुठीत पकडायचे आणि एकच ओढ द्यायचे. नळी, तिला लोंबणारी दोन्ही गुलाबी फोपसं, मध्ये हृदय, आणि सगळ्यात मोठं, जड, काळपट तांबडं काळीज, असा एक अख्खा झुबका बाहेर यायचा. थंडीच्या दिवसांत त्यातून वाफ निघायची. तो झुबका आप्पा वेगळ्या आकड्याला अडकवायचे, दुकानाच्या अगदी दर्शनी. येणारं गिऱ्हाईक आधी तिकडे बघायचं. ‘आप्पा, पावशेर आकड्यावरचं टाका त्यात.’

या सगळ्यात आप्पा एकाच वेळी गप्प असत. काळजाच्या मागच्या अंगाला पित्ताची पिशवी चिकटलेली असते, अंगठ्याएवढी, हिरवट. ती कातडीच्या एका पदरासकट अलगद सोडवून काढावी लागते. त्या अर्ध्या मिनिटात कोणी हाक मारली तरी ते ओ देत नसत. ‘पित्त फुटलं की काळीज कडू झालं. मग ते कुत्रं बी खात न्हाई.’

त्या झुबक्याला इंग्रजीत नाव आहे, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षी कळलं. एम. ए.ला असताना विद्यापीठाच्या ग्रंथालयात ऑक्सफर्डच्या वीस खंडी कोशातला एक खंड मी काहीतरी दुसरंच शोधायला उघडला होता. नजर ‘प्लक’वर अडकली. क्रियापदाचे सगळे अर्थ ओलांडून नामापाशी आले, तर तिथे सरळ लिहिलेलं : मारलेल्या जनावराचं हृदय, काळीज आणि फुफ्फुसं, एकत्र. आणि त्याच नामाच्या पुढच्या अर्थात : धैर्य. मी खुर्चीत बसून राहिले. एवढ्या मोठ्या कोशात, एवढ्या बारीक टाइपात, आप्पांचा तो हिसका छापलेला होता. आमच्या घरात त्या अख्ख्या झुबक्याला वेगळं नावसुद्धा नव्हतं, आकड्यावरचं म्हटलं की काम भागायचं. इंग्रजांनी त्याला ओढीवरून नाव दिलं. ओढून काढलेलं ते प्लक.

शब्दाची वंशावळ सांगते. इंग्रजीच्या अगदी जुन्या रूपात ‘प्लुक्कियन’ असं क्रियापद आहे, अर्थ उपटणे. डच भाषेत ‘प्लुकन’, जर्मनमध्ये ‘फ्लूकन’ ही त्याची सख्खी भावंडं. या सगळ्यांच्या मागे बहुधा बोली लॅटिनमधलं एक क्रियापद आहे, आणि त्याच्या मुळाशी ‘पिलुस’ म्हणजे केस. पहिला अर्थ केस उपटण्याचा, मग पिसं उपटण्याचा, मग फुलं आणि फळं तोडण्याचा. इटालियन लोक अजूनही द्राक्षाच्या घडातला एकेक मणी तोडून तोंडात टाकण्याला ‘पिलुक्कारे’ म्हणतात. सोफ्यावरच्या मऊ, लवदार कापडाला आपण प्लश म्हणतो, तोही याच घरातला. फूल तोडण्याचं, कोंबडीची पिसं उपटण्याचं आणि जनावराच्या छातीतून प्राण ओढून काढण्याचं क्रियापद एकच, हे मला अजिबात विचित्र वाटत नाही. हाताची हालचाल तीच आहे. धरायचं आणि ओढायचं.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्लंडमधले खाटीक ‘प्लक’ हे नाम वापरताना दिसतात. स्कॉटलंडमध्ये ते आजही जिवंत आहे. तिथला हॅगिस नावाचा पदार्थ मेंढीच्या प्लकचा करतात. हृदय, काळीज आणि फुफ्फुसं शिजवून बारीक करायची, त्यात ओट्स, कांदा, चरबी आणि मिरपूड घालायची, आणि ते सगळं मेंढीच्या कोठ्यात भरून उकडायचं. मी हॅगिस खाल्लेलं नाही. पण त्याची कृती वाचताना आईचा हात दिसतो, वजडी धुताना चुन्याच्या पाण्यात बुडालेला.

त्याच खाटकांच्या बोलीत फुफ्फुसांना ‘लाइट्स’ म्हणतात. लाइट म्हणजे हलकं. ‘लंग’ हा शब्दही त्याच धातूचा, आणि तो धातू आपल्याकडे ‘लघु’ या रूपात आहे. लघुमधली अक्षरं प्राकृतात उलटसुलट झाली आणि आपलं ‘हळू’ तयार झालं. फोपसं पाण्यात टाकलं की तरंगतं. काळीज बुडतं. हे मी पाटीवर अक्षर काढायच्या आधी शिकले होते.

आता हा झुबका धैर्य कसा झाला ते सांगते.

१७८५ साली लंडनमध्ये फ्रान्सिस ग्रोस नावाच्या माणसाने गावठी, शिवराळ, रस्त्यावरच्या इंग्रजीचा एक कोश छापला. ग्रोस मोठा हौशी माणूस. मिलिशियातला कॅप्टन, जुन्या इमारती आणि थडगी यांचा अभ्यासक, अंगाने चांगलाच रुंद. रात्री सोबत्याला घेऊन तो लंडनच्या गल्ल्यांत, दारूच्या गुत्त्यांत हिंडायचा आणि चोर, खलाशी, भिकारी, हमाल काय बोलतात ते टिपून घ्यायचा. सभ्य लोकांच्या कोशांत ज्या शब्दांना उंबरा ओलांडू दिला जात नव्हता, ते सगळे त्याने आत घेतले. त्यात ‘प्लक’ आहे आणि त्याच्यापुढे अर्थ दिलाय, धैर्य. उदाहरणही दिलंय : अमक्याच्या अंगात प्लक नाही, म्हणजे तो भित्रा आहे. या अर्थाची ही सर्वांत जुनी नोंद मानतात.

हा अर्थ वर आला तो मुष्टियुद्धाच्या आखाड्यातून. अठराव्या शतकातलं हे मुष्टियुद्ध हातमोज्यांचं नव्हे, उघड्या मुठींचं. १७४३ साली जॅक ब्रॉटन नावाच्या मल्लाने त्याचे पहिले लेखी नियम केले. पडलेल्या माणसाला उठून मधल्या खुणेपाशी येऊन उभं राहायला अर्धा मिनिट मिळे. नाही आला तर हरला. फेऱ्यांची संख्या ठरलेली नसे, कोणीतरी एक उठेनासा होईपर्यंत सामना चाले. बघणाऱ्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न ठोसा किती जोराचा आहे हा नसायचाच. नाक फुटलेलं, भुवई फाटलेली, तरी हा अर्ध्या मिनिटात उठतो की नाही? म्हणजे याच्या आत काय आहे? त्या ‘आत’साठी त्यांना शब्द हवा होता, आणि तो त्यांना आकड्यावर टांगलेला मिळाला.

तिथेच का मिळाला, असा प्रश्न मला बरेच दिवस होता. मग त्या मल्लांची चरित्रं वाचत गेले. १७५० साली ब्रॉटनला ज्याने हरवलं तो जॅक स्लॅक खाटीक होता, त्याला ‘नॉरिचचा खाटीक’ म्हणूनच ओळखत. त्याचा नातू जेम बेल्चर ब्रिस्टलमध्ये खाटकाचं काम करत असे. तो पुढे इंग्लंडचा अजिंक्यवीर झाला, १८०३ साली खेळताना चेंडू लागून एक डोळा गेला, तरी नंतर पुन्हा आखाड्यात उतरला. जॉन गली खाटकाचा मुलगा, आधी मल्ल, आणि १८३२ साली चक्क खासदार. टॉम स्प्रिंगही आधी मटणाच्या दुकानात काम करणारा. जड धूड खांद्यावर घेणारे, सकाळपासून रात्रीपर्यंत उभे राहणारे, रक्ताला न दचकणारे हे लोक. जे नाव त्यांच्या जिभेवर दुकानात होतं, तेच आखाड्यातही असणार. मला हा प्रवास डोळ्यांसमोर दिसतो. कुणीतरी गर्दीतून ओरडलं असेल, ‘ऊठ, काळीज आहे की नाही तुझ्यात?’ आणि तो ओरडणाराही खाटीकच असेल.

ब्रॉटन आणि स्लॅकच्या त्या सामन्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. ब्रॉटनचा आश्रयदाता होता कंबरलंडचा ड्यूक, राजाचा मुलगा. त्याने ब्रॉटनवर प्रचंड पैसे लावले होते. स्लॅकचा एक ठोसा ब्रॉटनच्या दोन डोळ्यांच्या मधोमध बसला, सूज चढली आणि त्याला दिसेना. ड्यूक ओरडला, तू हरलास की काय. ब्रॉटनचं उत्तर असं सांगतात : मला माझा माणूस दिसत नाही, महाराज. मी आंधळा झालोय, हरलेलो नाही. काही मिनिटांत सामना संपला, ड्यूकचे पैसे बुडाले.

या ड्यूकला लोकांनी एक टोपणनाव दिलेलं होतं. चार वर्षांपूर्वी, १७४६ साली, स्कॉटलंडमध्ये कलोडनच्या लढाईनंतर त्याच्या सैन्याने जखमींना आणि पळणाऱ्यांना कापून काढलं. तेव्हापासून तो ‘बुचर’ कंबरलंड, म्हणजे कंबरलंड कसाई. त्या आखाड्याच्या कडेला राजपुत्र बसलाय, त्याने माणसं मारली म्हणून त्याला शिवी म्हणून ‘कसाई’ म्हणतात. आणि आखाड्याच्या आत एक खराखुरा खाटीक आहे, ज्याने आयुष्यात बकऱ्या-मेंढ्या सोलल्या, आणि त्याच्या धंद्यातून इंग्रजीला धैर्याचा शब्द मिळणार आहे. क्रौर्याला आमच्या धंद्याचं नाव द्यायचं आणि धैर्याचं नाव आमच्याच आकड्यावरून उचलायचं, ही भाषेची दोन्ही कामं मला त्या एका दिवसात एकत्र दिसतात. माझं मन तिथे बराच वेळ रेंगाळलं, कारण त्यातला पहिला भाग माझ्या ओळखीचा आहे.

चौथीत होते. म्हणींचा तास होता. बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘कसायाला गाय धार्जिणी’, आणि अर्थ समजावू लागल्या, दुष्ट माणसापुढे गरीब प्राणी कसा नमतो वगैरे. आधी एका मुलीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मग दोघींनी, मग सगळ्यांनीच. बाईंनी काही म्हटलं नाही, पुढची म्हण घेतली. त्या दिवसापासून शाळेच्या कोणत्याही फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी ‘व्यापार’ लिहायला लागले. पुढे वसतिगृहातल्या मैत्रिणींना सांगायचे, आमचं दुकान आहे. कसलं, ते कोणी विचारलं तर विषय बदलायचे. ग्रंथालयातल्या त्या दुपारपर्यंत हे चालू होतं. कोश मिटला आणि त्याच संध्याकाळी खोलीतल्या दोघींना सगळं सांगितलं, हाताने ओढ कशी देतात ते करून दाखवलं. त्यातली एक विदर्भातली होती. ती म्हणाली, ‘अगं, आमच्याकडे कलेजी मिळायला सकाळी सहाला रांगेत उभं राहावं लागतं.’

इंग्रजीतही या शब्दाला सहजासहजी घरात घेतलं नाही. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने १८२७ साली आपल्या रोजनिशीत लिहिलंय की थोड्याफार नावाजलेल्या माणसाला लोक बाकी सगळं माफ करतात, पण प्लक नसणं माफ करत नाहीत. बुद्धीचे सगळे उत्तम गुण एकत्र केले तरी ती उणीव भरून निघत नाही. हे लिहिताना त्याने प्लकला जोडलेलं क्रियाविशेषण मात्र असं आहे की हा शब्द मवाल्यांच्या तोंडचा आहे. वस्तू हवी होती, नाव नको होतं. त्याच काळात ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थी नापास झाला की ‘प्लक झाला’ म्हणत. तिथे पदवीदानाच्या वेळी प्रॉक्टर, म्हणजे विद्यापीठाची शिस्त बघणारा अधिकारी, सभागृहातून फेरी मारायचा आणि ज्या विद्यार्थ्याकडे कोणाची उधारी थकलेली असेल, तो दुकानदार प्रॉक्टरचा झगा ओढून हरकत घेऊ शकत असे. झगा ओढला की पदवी अडली. म्हणजे एकाच वेळी आखाड्यात ‘प्लक’ उभं राहायला लावत होता आणि विद्यापीठात आडवं पाडत होता. बारावीच्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा ते सगळ्यात जास्त खूश झाले.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत चित्र पालटलं. मोठ्या घरच्या मुलांच्या शाळांमध्ये, वर्तमानपत्रांत, साम्राज्याच्या फुशारक्यांमध्ये प्लक हा अस्सल इंग्रज गुण म्हणून मिरवू लागला. आता तो सभ्य झाला होता, आणि सभ्य झाला तसा त्यातलं रक्त पुसलं गेलं. नंतर तो आणखी आक्रसला. १९१४ साली जर्मनीने बेल्जियमवर चाल केली तेव्हा ब्रिटिश लोक त्या देशाला ‘प्लकी लिटल बेल्जियम’ म्हणू लागले. त्यातलं ‘लिटल’ बघा. आज प्लकी हे विशेषण लहान मुलांना, आजारी माणसांना, बायकांना, हरण्याची जास्त शक्यता असलेल्या संघांना लावतात. सेनापतीला कोणी प्लकी म्हणत नाही. ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती त्याने दाखवलेलं धैर्य, असा थोडा वरून टाकलेला सूर त्यात आला. मला तो सूर आवडत नाही. मी मुलांना जुना अर्थ शिकवते.

इंग्रजीतला धैर्याचा मोठा, दरबारी शब्द ‘करेज’. तो फ्रेंचमधून आला, लॅटिन ‘कोर’पासून, आणि कोर म्हणजे हृदय. म्हणजे तोही मुळात त्याच झुबक्यातला, फक्त चांगल्या कपड्यांत आलेला. ‘गट्स’ म्हणजे आतडी, घमेल्यात उतरलेली. आणि भित्र्याला शेक्सपिअरचा मॅकबेथ म्हणतो ‘लिली-लिव्हर्ड’, लिलीच्या फुलासारखं पांढरं काळीज असलेला. काळीज रक्त तयार करतं अशी त्या काळची वैद्यकाची समजूत होती, म्हणून भित्र्याचं काळीज रक्तहीन, पांढरं. ताज्या काळजाचा रंग ज्यांनी पाहिलाय त्यांना ही शिवी किती जिव्हारी लागणारी आहे ते कळेल.

आणि मग माझी मराठी. आपण काळीज म्हणतो तेव्हा आज शहरातल्या माणसाला हृदय आठवतं. काळजाचा ठोका चुकतो, काळजाला भिडतं. पण खाटकाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, दुसरं काही नाही, आणि शब्दाच्या बाबतीत खाटीकच बरोबर आहे. संस्कृतात ‘कालेय’ म्हणजे यकृत, प्राकृतात त्याचं ‘कालिज्ज’ झालं आणि आपल्याकडे काळीज. अमरकोशात यकृताला आणखी एक नाव दिलंय, ‘कालखण्ड’. काळा तुकडा. आपण हा शब्द शिवकालीन कालखंड, पेशवाईचा कालखंड असा वापरतो, तेव्हा तो काल वेगळा, वेळेचा. अमरकोशातला काल रंगाचा. आकड्यावरच्या त्या काळपट तांबड्या तुकड्याला कोणीतरी नुसतं बघून नाव दिलं, तेच आम्ही अजून वापरतो.

‘जिगर’ही तेच. फारसीत जिगर म्हणजे यकृत. संस्कृत यकृत, फारसी जिगर, लॅटिन ‘येकुर’ आणि ग्रीक ‘हेपार’, ज्यावरून डॉक्टर हेपटायटिस म्हणतात, हे चारही एकाच आदिम शब्दाचे वंशज. आपण ‘जिगरबाज’ म्हणतो आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात यकृत वाचतो, तेव्हा एकाच पूर्वजाची दोन नातवंडं आपल्या तोंडी असतात, एक दिल्ली दरबारमार्गे आलेलं, एक वैद्याच्या पोथीतून. आणि इंग्रजीतलं ‘डेअर’ हे क्रियापद, धाडस करणे, त्याचं संस्कृतातलं भावंड ‘धृष्’. त्या धृष्टचं प्राकृतात झालं धिट्ठ, मराठीत धीट. पोरगी धीट आहे, असं आजी माझ्याबद्दल म्हणायची, कारण मी कंदील हलू देत नसे. तिचा धीट आणि इंग्रजांचा डेअर एकाच घरातले निघाले.

वाघाचं काळीज, सशाचं काळीज, उलट्या काळजाचा, काळजाचं पाणी होणं, काळीज सुपाएवढं होणं. मराठीत या अवयवाने केवढा मोठा संसार मांडलाय. यातलं ‘पाणी होणं’ मी पाहिलेलं आहे. आजारी जनावराचं काळीज हातात घेतलं की मऊ पडलेलं, बोट रुतेल असं लागतं, त्यावर पांढुरके ठिपके असतात. आप्पा ते बाजूला काढून पुरून टाकायचे, कितीही नुकसान झालं तरी विकायचे नाहीत. निरोगी काळीज घट्ट असतं, त्यावर चकाकी असते, कड धारदार असते. जुन्या लोकांनी धैर्य तिथे का ठेवलं, हे समजायला तेवढं एकदा हातात धरून पाहिलं तरी पुरे.

आप्पा तेरा वर्षांचे असताना आजोबा गेले. तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दुकान उघडायचं होतं, घरात खाणारी सात तोंडं होती. पहिलं बकरं सोलताना हात थरथरत होता. मुलाणीचाचांचे वडील तेव्हा होते. त्यांनी मागून येऊन आप्पांच्या मनगटाखाली आपला हात धरला आणि म्हणाले, ‘हात कापतोय तर कापू दे रे. पर सुरीला कापू देऊ नगंस.’ मराठीत थरथरण्यालाही कापणं म्हणतात आणि चिरण्यालाही. आप्पांनी ही गोष्ट मला आयुष्यात दोनदा सांगितली, एकदा माझ्या दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री, आणि एकदा लग्नाच्या दिवशी. तिचा अर्थ त्यांनी दोन्ही वेळा सांगितला नाही.

आता दुकान माझा भाऊ चालवतो. डीप फ्रीजर आलाय, लोकांना बोनलेस हवं असतं, पण दर्शनी आकडा आहे. गेल्या पावसाळ्यात आप्पांच्या पोटात उजव्या बाजूला कळ येऊ लागली. सोनोग्राफीला घेऊन गेले. अंधाऱ्या खोलीत पोटावर थंड जेल लावून डॉक्टर यंत्र फिरवत होते, आणि पडद्यावर करड्या रंगाचे ढग सरकत होते. मला काहीच कळत नव्हतं. आप्पांनी मान वळवली आणि पडद्याकडे बोट केलं.

‘हे काळीज ना?’

डॉक्टरांचा हात थांबला. ‘हो. तुम्ही कसं ओळखलं?’

‘कडेवरनं. आन् हितं मागं पित्त. त्यात काय दिसतंय, खडं?’

पित्ताच्या पिशवीत खडे होते. पिशवी काढावी लागेल, असं सर्जननी सांगितलं. ऑपरेशन दुर्बिणीतून होणार होतं, चार लहान भोकं पाडून. सह्या करताना माझा हात थरथरत होता, आप्पांनी ते पाहिलं आणि पेन माझ्या हातातून काढून घेऊन स्वतः सही केली, त्यांच्या मोठ्या, सावकाश अक्षरांत. सकाळी स्ट्रेचरवरून नेताना सर्जन सोबत चालत होते, तिशीतला तरुण मुलगा. दारापाशी आप्पांनी त्यांचा हात धरला. मला वाटलं, घाबरलेत, काही विचारतायत.

‘डॉक्टर, एकच. पिशवी फुटू द्यायची न्हाई. काळजापासनं सोडवताना थोडा पदर राहू द्या, मग सुटती. घाई करायची न्हाई. आन् त्या टायमाला कुणी हाक मारली तरी ओ देऊ नगा.’

त्या मुलाने मास्क खाली केला. ‘नाही देणार, आप्पा,’ तो म्हणाला.